बाराव्या गाडीची खीळ

आमच्या गावात उडणारा कुणी नाही, पण बारा गाड्या एकट्यानं ओढणारा आहे. पितांबर आप्पा. म्हसावदपासून तीन कोसांवरच्या आमच्या गावात चैत्रात मरीमायची यात्रा भरते. त्या दिवशी बारा बैलगाड्या एकामागं एक साखळीनं बांधतात, त्यांवर मावतील तेवढी माणसं चढतात आणि सगळ्यांत पुढं, बैलांच्या जागी, कमरेला लोखंडी आकडा अडकवलेला एक माणूस उभा राहतो. त्याला भगत म्हणतात. आप्पांच्या घरात हा आकडा तीन पिढ्यांचा आहे. भंडारा उधळला की आप्पा धावतात आणि गाड्या हलतात.

मी चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्यामुळं गाड्या कशा हलतात हे मला चांगलं ठाऊक आहे. मैदान देवळाकडं उतरतं आहे आणि मागून दीडशे माणसं ढकलतात. वर्गात मी हे फळ्यावर बाण काढून समजावून सांगायचो. यात्रेत मात्र माईक माझ्याच हातात असायचा आणि ‘भगताच्या अंगी मायची ताकद आली’ हे वाक्य मीच म्हणायचो. वर्गात एक आणि मैदानात एक. असे मास्तर गावोगाव आहेत, त्यात मला भूषण वाटत नाही.

पण आप्पांना मी कधी ढोंगी म्हटलं नाही. यात्रेआधी पाच दिवस हा माणूस एकभुक्त राहायचा, देवळात जमिनीवर झोपायचा, अनवाणी फिरायचा आणि कुणाला वाकडा शब्द बोलायचा नाही. हे शेवटचं त्याला फार जड जायचं. उरलेले तीनशे साठ दिवस ते पपईचा बाग बघणारे, पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी भांडणारे, चहात साखर कमी पडली तर कप तसाच सरकवणारे साधे शेतकरी होते. यात्रेचा दिवस उगवला की त्यांच्याच पाया पडायला नवसाच्या बाया रांग लावायच्या. ‘आप्पा शेतस तव्हर गावले काय धाक नही,’ म्हणजे आप्पा आहेत तोवर गावाला भीती नाही, असं लोक म्हणायचे. आप्पा ऐकून घ्यायचे. असं कुणाला ऐकून घ्यायला आवडत नाही?

गेल्या पौषात पाटाच्या कडेवरून त्यांचा पाय घसरला आणि गुडघा फिरला. शहाद्याच्या डॉक्टरांनी पाच आठवड्यांचं प्लास्टर घातलं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा एसटीत कंडक्टर, पहाटे जातो तो दिवस मावळल्यावर येतो. घरी दिवसभर आप्पा आणि सून काजल. आमच्याकडं सून सासऱ्यापुढं डोक्यावर पदर घेते, समोरासमोर बसत नाही. म्हणजे आप्पा ओट्यावर खाटेवर, काजल आत चुलीपाशी आणि मधे एक खिडकी. बोलायला कुणी नाही. दुसऱ्या आठवड्यात आप्पा कोंबड्यांना शिव्या देऊ लागले.

एका दुपारी आतून आरडाओरडा ऐकू आला. आप्पांनी विचारलं, “कोन भांडी ऱ्हायना व?”

“कोनी नही आप्पा, मोबाईल शे,” काजल म्हणाली.

“मंग इकडे बी कर थोडा.”

काजलनं मोबाईल खिडकीत पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. ती आतून तिरकी बसून लसूण सोलत बघणार, आप्पा बाहेरून बघणार. मर्यादाही राहिली आणि मालिकाही. ती परदेशातली, हिंदीत बोलणारी मालिका होती. एका मोठ्या शहरात आकाशात उडणारे, मोटारी उचलणारे पाच वीर असतात. शहर त्यांना देव मानतं. त्यांचे पुतळे, त्यांच्या नावाची टूथपेस्ट, पोरांच्या दप्तरांवर त्यांची चित्रं. आणि खरं म्हणजे ते पाचही जण एका कंपनीचे पगारी नोकर. कॅमेरा असेल तिथंच वाचवायला जाणारे. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडं मागायची, असा सगळा मामला. मी आप्पांकडं चहाला गेलो की मलाही दोन-चार भाग बघावे लागले. रक्तपात भरपूर आणि हसूही यायचं. हसल्यावर लाज वाटायची.

आप्पांनी नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत न पडता कपड्यांच्या रंगावरून ओळख ठेवली. सगळ्यांचा म्होरक्या तो निळा.

“ह्या निळाले पगार कोन देस?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“कंपनी देस, आप्पा.”

“मंग तो देव कसाना? सालदार शे.”

तिथून त्यांना गोडी लागली. दुपारचं जेवण झालं की खिडकीवर टकटक करायचे. निळा भाषण करू लागला की म्हणायचे, “देख, लोके मरी ऱ्हायनात नि हाऊ केस इंचरी ऱ्हायना.” काजल आत तोंडाला पदर लावून हसायची. तीन वर्षांत सासरा-सून एवढं बोलले नव्हते.

पुढचं सांगण्याआधी भिकुअक्काबद्दल सांगायला हवं, नाहीतर आप्पांना काय झालं ते कळायचं नाही.

भिकुबाई आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. वयानं आप्पांपेक्षा वर्षभरानं मोठी, म्हणून आम्ही सगळे अक्का म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी तिच्या लेकीचं बाळंतपण अडलं होतं. सुखरूप सुटली तर बाराव्या गाडीवर बसेन, असा नवस अक्कानं केला होता. ती बसली. गाड्या मैदानाच्या मधोमध, पाण्याच्या टाकीपाशी आल्या आणि बाराव्या गाडीचं डावं चाक निखळलं. गाडी कलंडली, माणसं खाली पडली, सगळी उठली. अक्का उठली नाही, चाक तिच्या पायावरून गेलं होतं. दोन बोटं गेली, पाऊल वाकडं झालं ते झालंच.

आणि संध्याकाळी गावाला कळलं की सुरतेला अक्काचा चुलतदीर त्याच दिवशी सकाळी वारला होता. दुपारी फोन आला होता. अक्कानं तो कुणाला सांगितला नाही. नवस चुकेल म्हणून संध्याकाळपर्यंत मनात ठेवायचं ठरवलं आणि सुतकात मायच्या गाडीवर चढली. झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मायचा कोप झाला, गाड्या अडल्या, भिकुबाईमुळं गाव बुडालं. तीन वर्षांनी कपाशीला बोंडअळी आली तीही भिकुबाईच्या सुतकामुळं. मी तेव्हा मास्तर होतो, माझ्या हातात माईक होता. मी एक शब्द बोललो नाही. उलट पुढच्या वर्षीपासून ‘सुतकातलं कुणी असेल तर खाली उतरावं’ हे वाक्य मी घोषणेत वाढवलं.

अक्कानं ते सगळं खरं मानलं. यात्रेच्या दिवशी ती दार लावून घ्यायची. लग्नाच्या मांडवात यायची नाही. तीन वर्षांपूर्वी काजलची वरात आली तेव्हा सगळ्या बाया नवरीच्या डोक्यावर हात ठेवत होत्या आणि अक्का काठी टेकून गल्लीच्या तोंडाशी उभी होती. काजलनं नंतर विचारलं होतं, त्या कोण होत्या. घरात कुणी धड सांगितलं नाही.

आता मालिकेकडं येतो. प्लास्टरच्या चौथ्या आठवड्यातला तो भाग. निळ्याला एका बाजारात मोठी क्रेन उचलून दाखवायची असते. कॅमेरे लागलेले, शहराचा पुढारी खुर्चीवर बसलेला. एक कामगार येऊन निळ्याला सांगतो की क्रेनचा बोल्ट ढिला आहे, थांबा. निळा म्हणतो, लोक वाट बघताहेत. क्रेन पडते, माणसं मरतात. मग कंपनीची बैठक बसते आणि ठरतं की खाली चहाचा गाडा लावणाऱ्या म्हातारीच्या सिलिंडरमुळं हे झालं. निळा तिच्याकडं बोट दाखवतो, डोळे पुसतो आणि गळ्यात हार घालून घेतो. करून सवरून नामानिराळा.

“बंद कर,” आप्पा म्हणाले.

काजलला वाटलं बॅटरीबद्दल बोलताहेत. तिनं बाहेर डोकावलं तर आप्पा भिंतीकडं तोंड करून बसले होते. चहा घेतला नाही. दोन दिवस खिडकीवर टकटक नाही. तिसऱ्या दिवशी काजल पदर सावरत माझ्या घरी आली. “मास्तर, आप्पा जेवतस नही,” एवढंच म्हणाली.

मी गेलो. आप्पांनी मला खाटेवर बसवलं आणि आकड्याकडं बोट केलं. तो खुंटीला टांगलेला होता.

“मास्तर, ती खीळ माले माहीत व्हती.”

“कोनती खीळ?”

“बारावी गाडीनी.”

बैलगाडीचं चाक बाहेर निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला एक लोखंडी खीळ ठोकतात. त्या दुपारी गाडीमालकाचा सालदार रामसिंग देवळात येऊन आप्पांना सांगून गेला होता की डाव्या चाकाची खीळ हरवली आहे, तिथं बाभळीची काडी ठोकली आहे, दुसरी खीळ आणायला तासभर लागेल. मंडपात पुढारी येऊन बसला होता. आप्पा म्हणाले, मायवर सोड. रामसिंगनं भीतीनं मालकालाही सांगितलं नाही; पुढच्याच वर्षी तो गुजरातेत ऊसतोडीला गेला आणि तिकडंच राहिला. त्यामुळं हे ठाऊक असणारा गावात एकच माणूस उरला होता.

“लोके तिले बोलेत नि मी हार घाली उभा ऱ्हायनू,” आप्पा म्हणाले. “मी निळाच शे, मास्तर. फक्त उडता येत नही.”

मी काय सांगितलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो की झाकली मूठ सव्वा लाखाची. अकरा वर्षं झाली, आता उकरून काय मिळणार? आकडा जाईल, आजा-पणजाचं नाव जाईल, मुलाला एसटीत लोक टोमणे मारतील. अक्काचा पाय काही सरळ होणार नाही.

आप्पांनी माझ्याकडं वळून पाहिलं.

“तू बी त्या कंपनीमझारला शे,” ते म्हणाले.

मीही कंपनीतलाच! मला राग आला, कारण खरं होतं. मी उठून घरी आलो. दुपारी परत गेलो तेव्हा आप्पा कुबडी काखेत धरून अंगणात उभे होते आणि काजल त्यांच्या चपला सरळ करत होती. आम्ही तिघं अक्काकडं निघालो. पन्नास पावलांची गल्ली, पण आप्पा तीनदा थांबले. गुडघा दुखतो म्हणाले.

अक्का अंगणात गोणपाटावर वाळल्या मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. आम्ही जाताच तिघंही शिंकलो. तिनं पदरानं तोंड झाकलं होतं, डोळे तेवढे दिसत होते. यात्रेच्या भगताला दारात बघून ती घाईनं उठू लागली.

“बठ, अक्का,” आप्पा म्हणाले. स्वतः मात्र उभेच राहिले. “तुन्हा पायवरतून जे चाक गयं ना, ते सुतकमुळे नही गयं. त्या चाकले खीळच नव्हती. बाभूळनी काडी ठोकेल व्हती. माले दुपारलेच माहीत व्हतं. तरी मी गाड्या ओढ्यात. नि लोके तुले बोलेत तव्हय गप ऱ्हायनू.”

अक्काच्या हातातली मिरची तशीच राहिली.

“काडी?” ती म्हणाली.

“काडी.”

“म्हनजे माय मन्हावर कोपनी नव्हती?”

“नही, अक्का.”

तिनं तोंडावरचा पदर काढला आणि माझ्याकडं पाहिलं. “मास्तर, तुम्ही शिकेल शेतस. तुम्ही सांगा.”

चौतीस वर्षांत मला एवढा महत्त्वाचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. “खीळ नही त चाक निंघसच, अक्का,” मी म्हणालो. “वर कोनी बी बठो.”

“सुतकवाला बसना तरी?”

“सोवळावाला बसना तरी.”

तिनं मिरच्यांचा ढीग बाजूला सारला. मग हळूच, जणू कुणी ऐकेल या धास्तीनं, तिनं विचारलं, “नि ती बोंडअळी? ती बी मन्हामुळे नही?”

“ती आख्खा जिल्हाले लागेल व्हती, अक्का.”

अक्का रडू लागली. रडता रडता मिरचीचा हात डोळ्याला लागला, डोळा चुरचुरला आणि ती एकदम हसायला लागली. काजल धावत तांब्या घेऊन आली. अक्का पाण्यानं डोळे धूत होती, हसत होती, पुन्हा रडत होती. अकरा वर्षं या बाईनं लेकीकडं जायचं टाळलं होतं, दुसऱ्या खेपेच्या डोहाळजेवणालासुद्धा. माझ्यामुळं पोरीला काही झालं तर, म्हणून नातवाला ती लांबूनच बघायची. हे तिनं त्या दिवशी सांगितलं. एका काडीपायी. मला इतकं हलकं वाटत होतं आणि इतका संताप येत होता की कुठं बघावं कळेना.

चेहरा पुसून अक्का उठली, काठी उचलली आणि आप्पांच्या चांगल्या पायावर एक सणसणीत फटका दिला.

“हाऊ मन्हा पायना,” ती म्हणाली. “आते बठ. च्या पी.”

आप्पा बसले. चहात साखर होती की नाही कोण जाणे, त्यांनी सगळा संपवला.

“मी आकडा ठी देस, अक्का,” कप ठेवत ते म्हणाले. “यंदा दुसरा भगत देखोत.”

“ठेवानं नही,” अक्का म्हणाली. “तूच ओढशी. पन पहिले माईकवर सांगशी. जे माले सांगं ते आख्खा गावले. नि खिळी मी देखसू.”

त्या दिवसापासून आप्पा जेवू लागले. प्लास्टर निघालं, लंगडत का होईना चालू लागले. यात्रेआधीचे पाच दिवस नेहमीसारखे देवळात काढले. काजलनं मालिका एकटीनं शेवटपर्यंत पाहिली. निळ्याचं काय झालं, असं मी विचारलं तर म्हणाली की त्याचा आणखी एक मोठा पुतळा उभारला. आप्पा म्हणाले, त्या शहरात भिकुअक्का नसेल.

यात्रेच्या दिवशी मैदान भरलं. मी माईक आप्पांच्या हातात दिला. त्यांनी सगळं सांगितलं. रामसिंग, काडी, पुढारी, हार. भाषण नव्हतं, सहा-सात वाक्यं होती. आधी लोकांना वाटलं अंगात आलंय. मग गलका सुरू झाला. यात्रा कमिटीचे इंद्रसिंग भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मास्तर, माईक बंद कर. मायनं नाव खराब व्हस.” माझा हात सवयीनं बटणावर गेला. मी तो काढून घेतला आणि खिशात घातला. माणसानं म्हातारपणी एवढं तरी करावं.

“आकडा काढी ल्या त्याना!” मागून कुणीतरी ओरडलं. दोघं-चौघं पुढं आले. आप्पांनी खरंच आकडा सोडायला कमरेला हात घातला.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. भिकुअक्का काठी टेकत येत होती. अकरा वर्षांत गावानं तिला या मैदानात पाहिलं नव्हतं. ती थेट पहिल्या गाडीपाशी गेली, वाकली आणि डाव्या चाकाच्या खिळीवर काठीनं मारलं. ठक. उजव्या बाजूला गेली. ठक. मग दुसरी गाडी. गलका हळूहळू बसला. चोवीस चाकं आणि एक लंगडी बाई. उन्हात पाच हजार माणसं ते बघत उभी होती.

नवव्या गाडीला आवाज वेगळा आला. अक्कानं पुन्हा मारलं. खीळ हलली. तिनं ती दोन बोटांनी ओढून बाहेर काढली आणि हात वर करून धरली. गंजून अर्धी झालेली होती.

गाडीमालक नवी खीळ आणायला पळाला. तासभर लागला. मंडपात बसलेला यंदाचा पुढारी दोनदा घड्याळ बघून निघून गेला, त्याला कुणी अडवलं नाही. नवी खीळ ठोकून झाली, अक्कानं तिच्यावर काठी मारून पाहिली आणि मग आप्पांकडं वळून म्हणाली, “बांध आकडा.”

आकडा काढायला आलेल्या त्याच पोरांनी तो नीट बसवला.

अक्का बाराव्या गाडीवर चढली. तिला चढवायला काजल गेली आणि शेजारीच बसली. मी माईक इंद्रसिंग भाऊंच्या हातात दिला आणि मागं जाऊन बाराव्या गाडीच्या फळीला दोन्ही हात लावले. एवढ्या वर्षांत मी गाडीला कधी हात लावला नव्हता, फक्त बोललो होतो. भंडारा उडाला, पुढं आप्पा लंगडत धावले, आम्ही दीडशे जणांनी जोर लावला आणि गाड्या हलल्या.

पाण्याची टाकी जवळ आली तशी अक्कानं डोळे मिटून घेतले. चाकं करकरत टाकीपाशी आली, टाकीला वळसा घालून पुढं गेली. काजल म्हणाली, “अक्का, टाकी मागे गई.” अक्कानं डोळे उघडले, मागं वळून टाकीकडं पाहिलं. मग तिनं हात उचलला आणि तीन वर्षं राहून गेलेला तो हात काजलच्या डोक्यावर ठेवला.